आधी रोड लर्निंग, मग चावी

(शाखेच्या वार्षिक कामगार-कुटुंब मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही बोलायला उभे राहिलो की विषय ठरलेला असतो. रिक्त जागा, भत्ते, पेन्शन, ड्यूटीचे तास. हे प्रश्न सुटलेले नाहीत आणि त्यांच्यासाठीचा लढा थांबणार नाही. पण आज आम्ही कार्यकारिणीची परवानगी घेऊन घरातला विषय काढणार आहोत. दाराशेजारी खिळ्याला गाडीची चावी टांगलेली असते ना, तिच्याविषयी बोलायचे आहे. ती चावी आपली पोरे केव्हा घेतात, कोणाला विचारून घेतात, आणि घेण्याआधी त्यांना आपण काय शिकवतो, एवढाच आजचा विषय.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. १९९३ साली डिझेल असिस्टंट म्हणून लागलो, आज लोको पायलट आहोत. तेव्हा विद्वत्तेचे बोलणे आमच्याकडून होणार नाही. जे हातून घडले आणि त्यातून जे कळले, तेच सांगतो.

गोष्ट २०११ सालची, इटारसीची. आमचा थोरला तेव्हा दहावीत होता, वय पंधरा. घरात स्कूटर होती. कॉलनीच्या आत तो ती फिरवायचा, आणि खोटे कशाला बोला, आम्हाला त्याचे कौतुकच होते. एके दिवशी आम्ही लॉबीत पोहोचलो आणि लक्षात आले की डबा घरीच राहिला. घरी फोन केला. मंडळी म्हणाली, पोराला पाठवते. आम्ही म्हणालो, "गाडी सुटायला वीस मिनिटे आहेत, त्याला म्हणावे स्कूटरवर ये आणि लवकर ये."

तो शब्द आमचा होता. लवकर ये.

डबा आला नाही. आम्ही मनातल्या मनात पोराला शिव्या घालत उपाशीच गाडी घेऊन निघालो. इंजिनात मोबाइल बंद. भुसावळला उतरून रनिंग रूममध्ये आलो, फोन चालू केला, तेव्हा कळले. कॉलनीच्या गेटापाशी वळताना पोराची स्कूटर भाजीच्या हातगाडीवर गेली होती. पोराचे मनगट मोडले. हातगाडीवाल्या अम्माचे खुब्याचे हाड मोडले. बंधूंनो, ही अम्मा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उधारीवर भाजी देत असे. पगाराच्या तारखेला पैसे मागायला यायची, तेही दारात उभी राहून, हसून.

आम्ही पी.एफ.मधून रक्कम काढून तिचे ऑपरेशन केले. चार महिने ती अंथरुणावर होती. पण ती पुन्हा हातगाडीमागे उभी राहिली नाही. भेटायला गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "लड़के को मारना मत, भैया." पोलिसात तक्रार झाली नाही. ती आमच्या चांगुलपणामुळे झाली नाही असे कोणी समजू नये. कोर्टाच्या फेऱ्या मारायची त्यांची ऐपत नव्हती, म्हणून झाली नाही. जन्मभर आम्ही कामगारांच्या रोजीसाठी घोषणा दिल्या, आणि एका कष्टकरी बाईची रोजी आमच्याच घरच्या चावीने गेली. हे आजपर्यंत व्यासपीठावरून बोललो नव्हतो. आज बोललो, कारण इथे बसलेल्या कित्येकांच्या घरी तोच खिळा आणि तीच चावी आहे.

आता विचार करा. ज्या माणसाने ही चूक केली तो कोण होता? रेल्वेत इंजिन चालवणारा. आमच्या खात्यात नव्या माणसाला कोणी नुसती चावी देते काय? आधी ट्रेनिंग स्कूल. मग वर्षानुवर्षे असिस्टंटच्या जागेवर बसणे. इंजिन चालवण्याची परीक्षा पास झाला तरी नव्या सेक्शनवर त्याला एकटा सोडत नाहीत. आधी रोड लर्निंग, आपल्या बोलीत एल.आर. जाणत्याबरोबर दिवसाही जायचे आणि रात्रीही जायचे. सिग्नल कुठे आहे, चढ कुठे, वळण कुठे, फाटक कुठे हे डोळ्यांत बसले की मग सही करायची, "मला रोड माहीत आहे." पुढे काही महिने त्या सेक्शनवर गेला नाही, तर पुन्हा एल.आर. ड्यूटीवर येताना तोंडाने फुंकून दाखवायचे. ठरल्या मुदतीने डोळे तपासायचे. विश्रांतीचे तास भरले पाहिजेत, आणि त्यासाठी तर आपण संपही केले आहेत.

पोस्टातल्या बंधूंचेही तेच. नव्या पोस्टमनला पहिल्या दिवशी थैली देऊन कोणी गावात सोडत नाही. जुना पोस्टमन त्याला बीट दाखवतो. कोणत्या गल्लीत कुत्रे अंगावर येते, कोणत्या जिन्याला कठडा नाही, हे सांगतो. आणि मेल मोटरच्या ड्रायव्हर साथींना तर आम्ही काय सांगावे?

म्हणजे नोकरीत आपण सगळे शिस्तीची माणसे. पण घरी आलो, युनिफॉर्म काढला, की हीच शिस्त त्याच्याबरोबर खुंटीला टांगतो. पोराच्या हातात शंभर किलोचे यंत्र देतो आणि म्हणतो, "जरा दूध घेऊन ये." आमचे आजचे सांगणे एका वाक्याचे आहे: खात्याने जे आपल्याला शिकवले, तेच घरी करा.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण त्यात आपल्या नोकरीचा प्रश्न आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सी.सी.पर्यंतची दुचाकी चालते, आणि तिलाही लायसन्स लागतेच. आपल्या घरातल्या स्कूटरी शंभर, एकशेदहा, एकशेपंचवीस सी.सी.च्या आहेत. त्या सोळा वर्षांच्या मुलाला चालत नाहीत. विजेवरच्या गाडीबद्दल दुकानदार सांगतो की हिला लायसन्स लागत नाही. ते फक्त ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, अडीचशे वॅटहून कमी ताकदीच्या गाडीला लागू आहे. त्याहून जोरात पळणारी गाडी म्हणजे मोटार वाहनच. कागदावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या.

२०१९ साली या कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हते, मी पुरेशी काळजी घेतली होती, असे पालकाला सांगता येते, पण ते त्यालाच सिद्ध करावे लागते. "लवकर ये" असा फोन करणारा बाप काय सिद्ध करणार?

आणि आपण सरकारी नोकर. अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिलो तर निलंबित मानले जातो. रेल्वेच्या शिस्त व अपील नियमांत ते आहे, आणि पोस्टाला लागू असलेल्या केंद्रीय नियमांतही आहे. शिवाय चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर जखमीला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. आयुष्याची पुंजी एका संध्याकाळी जाऊ शकते.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांच्या पोरांचे प्रकरण आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनियर गेले, ते सर्वांनी वाचले. निबंध लिहिण्याच्या अटीवर त्या मुलाला जामीन मिळाला तेव्हा देशभर संताप झाला. आपणही चहाच्या टपरीवर संतापलो. पण मोटार महागडी होती एवढाच फरक. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती घरची गाडी गेली, ही गोष्ट आपल्या क्वार्टरांतही रोज घडते.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. हा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. त्यांत शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे. आणि हेल्मेट नव्हते असे पन्नास हजारांवर. रेल्वेत एवढी माणसे एका दिवसात गेली असती तर देशात काय झाले असते? रस्त्यावर ती रोज जातात, पण एकेक करून, म्हणून कोणाला दिसत नाहीत.

आता शिकवायचे कसे, ते सांगतो. थोरल्याच्या वेळी चुकलो, धाकटीच्या वेळी शहाणे झालो. तिला अठरा पूर्ण झाली तेव्हा आम्ही काय केले ते ऐका, आणि पटेल तेवढे घ्या.

पहिली गोष्ट, शिकवणे अठराव्या वर्षी सुरू होत नाही. मूल पहिल्यांदा आपल्या मागे किंवा पुढे गाडीवर बसते, त्या दिवसापासून ते असिस्टंटच्या जागेवर आहे. दहा-बारा वर्षे ते आपल्याला बघत असते. बाबांनी हेल्मेट हँडलला अडकवले. बाबांनी मोबाइल कान आणि खांद्यामध्ये धरला. फाटक बंद असताना बाबा खालून वाकून गेले, आणि बाबा तर रेल्वेत आहेत! मग अठराव्या वर्षी आपण भाषण देतो आणि मूल मनात हसते. बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे आपल्याला पाठ. पण फाटकाजवळ गाडी बंद करून पाय टेकून उभे राहायचे असते, हे आपल्या मुलांनी आपल्याकडूनच पाहायला हवे.

दुसरी गोष्ट, सायकल. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चांगली सायकल द्या आणि सायकलवरच रस्त्याचे नियम शिकवा. डावी बाजू, वळताना हात, मागे वळून बघणे, चौकात थांबणे. सायकलवर ज्याला रस्ता समजला, त्याला पुढे फक्त यंत्र शिकायचे राहते. आमच्या थोरल्याला स्कूटर फिरवता येत होती, पण रस्ता समजत नव्हता.

तिसरी गोष्ट, शिकाऊ लायसन्स. ते सहा महिने चालते, आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. आपल्याकडे काय होते? तीस दिवस गाडी दारात उभी, एकतिसाव्या दिवशी परीक्षा. बंधूंनो, ते दिवस एल.आर.साठी आहेत. आम्ही धाकटीसाठी शंभर पानी वही केली. तारीख, रस्ता, वेळ, काय चुकले, काय जमले, आणि शेवटी आमची सही. गाडीला पुढे-मागे 'एल', डोक्याला हेल्मेट, आणि मागच्या सीटवर पक्के लायसन्स असलेले आम्ही. दुसरे कोणी नाही.

आधी रविवारी सकाळी रिकामे मैदान. चालू करणे, थांबवणे, दोन्ही ब्रेक एकत्र आणि बेताने दाबणे. मग कॉलनीचे रस्ते. मग दुपारचा बाजार. मग गर्दीचा चौक. मग संध्याकाळ, मग रात्र, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यावर येतो तेव्हा काय करायचे ते. शेवटी पाऊस. एक पायरी नीट जमल्याशिवाय पुढची नाही. वहीत आमच्या पंचेचाळीस फेऱ्या भरल्या. ड्यूटी सांभाळून पाच महिने लागले. शेजारी हसत होते. हसू द्या.

चौथी गोष्ट, मोठ्याने बोलणे. इंजिनात पायलट आणि असिस्टंट दोघेही सिग्नल मोठ्याने पुकारतात. एकाने पुकारायचे, दुसऱ्याने खात्री करायची. धाकटीलाही आम्ही तेच लावले. जे दिसते ते पुकार. "पुढे रिक्षा उभी, माणूस उतरेल." "डावीकडे म्हैस." "चेंडू आला, मागे पोर येणार." "ट्रकवाल्याला मी दिसत नाही." सुरुवातीला ती लाजली. पण आठ दिवसांत आम्हाला कळू लागले की तिची नजर कुठे पोहोचते आणि कुठे पोहोचत नाही. नवशिक्याचा हात सहसा चुकत नाही, नजर चुकते. तो पुढच्या चाकाकडे बघतो. त्याला लांब बघायला शिकवायचे असते.

आणि वेग समजावून सांगा. ताशी चाळीसने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. डोळ्याने पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी अकरा मीटर पुढे. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. आम्ही मैदानात चुन्याच्या रेघा मारून तिला हे दाखवले. तोंडाने सांगून पटले नसते.

पाचवी गोष्ट, शिकवणाऱ्याचे तोंड. आम्ही असिस्टंट असताना दोन प्रकारचे ड्रायव्हर पाहिले. एक चालत्या गाडीत ओरडायचे. त्यांच्यासोबत आमच्या हातून जास्तच चुका झाल्या. दुसरे होते ते सिग्नलपुरते बोलायचे आणि बाकीचे स्टेशनवर गाडी थांबल्यावर, चहा घेताना समजावून सांगायचे. आज जे येते ते त्यांच्याकडून आले. मागच्या सीटवर बसून मुलाच्या कानात ओरडू नका. धोका असेल तर एकच शब्द, "थांब." बाकी सगळे घरी, वहीसमोर.

सहावी गोष्ट, पक्के लायसन्स आल्यानंतरची. आपण समजतो की काम संपले. खरे तर धोका तेव्हा सुरू होतो, कारण मूल पहिल्यांदा एकटे जाते. न्यूझीलंडने १९८७ साली कायदाच केला की नव्या चालकाला सगळी मोकळीक एकदम द्यायची नाही. आधी जाणत्याबरोबर, मग काही काळ रात्रीची आणि सोबत्यांची बंधने, आणि मग पूर्ण मुभा. पुढे पुष्कळ देशांनी हीच पद्धत घेतली, कारण तरुण पोरे सोबतीला बसली की तरुण चालकाचा धोका वाढतो, हे तिथे आढळले. आपल्याकडे असा कायदा नाही. पण घरी कोणी अडवले आहे? खराब ट्रॅकवर आपल्याला कॉशन ऑर्डर मिळते, आणि ट्रॅक सुधारला की ती उठते. तसे करा. पहिले सहा महिने मागे मित्र नाही, रात्री आठनंतर नाही, हायवेवर नाही, जोराच्या पावसात नाही. एकेक महिना नीट गेला की एकेक बंधन उठवा, आणि उठवल्याचे शाबासकी देऊन सांगा. बंधन उठणार हे माहीत असले की मूल ते पाळते.

सातवी गोष्ट आपल्यासाठी, आणि विशेष करून भगिनींसाठी. घरचा माणूस ड्यूटीवर असतो तेव्हा चावी तुमच्या हातात असते. मूल गाडीवर आहे हे माहीत असताना त्याला फोन करू नका. "लवकर ये" म्हणू नका. "उशीर झाला तरी चालेल, सावकाश ये" असे म्हणा. आणि मुलांना एक शब्द द्या: कधी रात्री अडकलात, ज्याच्या मागे बसायचे तो प्यालेला असला, किंवा तुम्हालाच झोप येत असली, तर घरी फोन करा. आम्ही न्यायला येऊ, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. हा शब्द पाळायला जड आहे. पण तो पाळला तर मूल फोन करते, नाही पाळला तर गाडी घेऊन येते.

आणि मुलांनो, तुम्हीही ऐका. तुमच्या हातून कधी कोणाला लागले, तर पळू नका. थांबा, ११२ ला फोन करा, जखमीजवळ राहा. कोणा दुसऱ्याचा अपघात दिसला तरी मदत करा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ पासून कायद्यातच कलम १३४-अ आहे. आमच्या थोरल्याने एक गोष्ट बरोबर केली होती. मोडलेल्या मनगटाने तो अम्माजवळ बसून राहिला होता.

बंधूंनो, आम्हाला माहीत आहे की पोरांना गाडी कोणी हौसेने देत नाही. शाळा लांब, बस नाही, क्लास रात्री सुटतो, आणि दोघांच्या ड्यूट्या. गरीब माणूस अडचणीत चावी देतो. म्हणून नुसता उपदेश करून आम्ही खाली बसणार नाही. शाखेने तीन ठराव करावेत अशी आमची विनंती आहे. एक, दर रविवारी सकाळी कॉलनीचे मैदान शिकाऊ मुलामुलींसाठी राखावे, आणि निवृत्त लोको पायलट व मेल मोटरच्या ड्रायव्हर साथींनी पाळीपाळीने तिथे उभे राहावे. दोन, क्लासच्या वेळी मुलांना गटाने पोहोचवण्या-आणण्याची पाळी पालकांनी आपसांत लावावी. तीन, कॉलनीतून शाळेच्या वेळेला बस मिळावी म्हणून शाखेने लेखी मागणी करावी आणि तिचा पाठपुरावा सोडू नये.

थोरला आता तिशीला आला. त्याला मुलगी आहे. गेल्या महिन्यात ती स्कूटरच्या पुढे उभी राहायला निघाली, तर त्याने तिला उतरवले, छोटे हेल्मेट आणले, पट्टा लावला, आणि मग मागे, आईच्या पुढ्यात बसवले. आम्ही बघत होतो, काही बोललो नाही.

अम्मा २०१८ साली गेली. तिची हातगाडी तिचा नातू लावतो, त्याच गेटापाशी. आज मेळावा संपल्यावर आपण सगळे त्याच गेटातून घरी जाणार आहोत. सावकाश जा.

जय हिंद. कामगार एकजुटीचा विजय असो.